कोकनी गरवायला कुठल्या तळ्यावर जावं?

एप्रिल उजाडला की सिएटलजवळच्या बॉथेल, रेडमंड, इसाक्वा भागातल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हटकून एक प्रश्न येतो. "ताई, शनिवारी जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल असं कोकनीचं तळं कुठलं?" विचारणारे बहुतेक जण या भागात नवे असतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी खाडीवर किंवा नदीवर गळ टाकलेला असतो, आणि नाव ऐकूनच त्यांना हा मासा आपल्या गावचा वाटतो. नावाचा कोकणाशी काही संबंध नाही. तो शब्द इथल्या मूळ रहिवाशांचा, सिनिक्स्ट लोकांच्या सॅलिश भाषेतला, आणि त्याचा अर्थ 'लाल मासा' असा सांगतात.

मी लगेच तळ्याचं नाव सांगत नाही. आधी विचारते, कुठल्या महिन्यात जाणार? बोट कसली आहे? तुमची दोरी किती खोल उतरू शकते? या तीन उत्तरांवर तळं ठरतं. मे महिन्यात भरभरून देणारं तळं ऑगस्टमध्ये रिकाम्या हाती परत पाठवू शकतं, आणि मासा तेव्हाही तिथेच असतो. फक्त तुमच्या गळाच्या चाळीस फूट खाली.

आधी मासा समजून घ्या

कोकनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय सॅमन. ओढ्यात किंवा तळ्याच्या काठच्या वाळू-खड्यात जन्मतो, तळ्यातच वाढतो, बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी लालबुंद होतो, अंडी घालतो आणि मरतो. सॅमनच असला तरी खाणं अगदी बारीक. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, त्यातही डॅफ्निया नावाची पाणपिसू, हे त्याचं मुख्य अन्न. त्यामुळे तो काठाच्या गवतात, लाकडाच्या ओंडक्यांखाली लपून राहत नाही. मोकळ्या पाण्यात थव्याने फिरतो. काठावर खुर्ची टाकून बसलात तर दिवसभरात कोकनी दिसणं अवघड, हे नव्या माणसाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावं. हा बोटीवरून धरायचा मासा आहे.

दुसरी गोष्ट थंडावा. कोकनीला साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचं पाणी आवडतं, म्हणजे १० ते १३ अंश सेल्सिअस. एप्रिलमध्ये असं पाणी वरच असतं आणि मासा दहा-पंधरा फुटांवर सापडतो. जूनमध्ये वरचा थर तापला की तो तीस-चाळीस फुटांवर जातो. ऑगस्टमध्ये खोल तळ्यात साठ-सत्तर, कधी शंभर फुटांवर. जिथे ऊन पाणी संपून गार पाणी सुरू होतं त्या सीमेला इथले लोक थर्मोक्लाइन म्हणतात, आणि उन्हाळ्यात सगळी शोधाशोध त्या सीमेच्या आसपास चालते.

आकाराचंही सांगते, कारण त्यावरून नवे लोक हिरमुसतात. दहा ते चौदा इंचांचा कोकनी हा नेहमीचा. एखाद्या तळ्यात अठरा इंचांचे मिळतात, तर शेजारच्या तळ्यात नऊच्या वर जात नाहीत. कारण साधं आहे. तळ्यातलं अन्न ठरलेलं असतं. मासे फार झाले की सगळेच लहान राहतात, कमी असले की थोडे पण मोठे होतात. ऑरेगनच्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली साडेनऊ पौंडांहून जड कोकनी मिळाला होता. त्या फोटोवरून तळं निवडू नका. मुलांना घेऊन जाणार असाल तर लहान मासे भरपूर असलेलं तळंच बरं. दर वीस मिनिटांनी काठी वाकली तर पोरं तासन्‌तास रमतात.

अंतर घड्याळाने मोजा

कोकनी उजाडताना आणि त्यानंतरचे दोन-तीन तास उत्तम खातो. ऊन चढलं की थवा खाली जातो आणि विखुरतो. म्हणून "किती मैल" यापेक्षा "उजाडताना मी पाण्यात असेन का" हा हिशेब महत्त्वाचा.

जूनच्या मध्यावर सिएटलला सूर्य सव्वापाचच्या आधी उगवतो. बोट उतरवायला, सामान लावायला अर्धा तास धरा. म्हणजे साडेचारला रॅम्पवर, बोट पाण्यात सोडायच्या उतारावर. तळं एक तासावर असेल तर साडेतीनला घर सोडायचं आणि तीनला उठायचं. दोन तासांवर असेल तर दोनला उठायचं, आणि मग दुपारी झोप अनावर झालेल्या अवस्थेत बोटीचा ट्रेलर मागे लावून दोन तास गाडी चालवायची. हे मी एकदा केलंय, पुन्हा करणार नाही. सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासाठी माझी मर्यादा दीड तास. त्यापुढचं तळं असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच निघून मुक्काम करते.

परतीचीही वेळ बघा. डोंगरापलीकडून आय-नाइन्टी महामार्गाने येणार असाल तर रविवारी दुपारनंतर स्नोक्वाल्मी खिंडीच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग लागते. दीड तासाच्या रस्त्याला तीन तास लागू शकतात आणि बर्फपेटीतला मासा तोवर वाट बघत बसतो.

सगळ्यात जवळचं तळं, आणि तिथे का नाही

रेडमंड, सॅमॅमिश, इसाक्वा इथे राहणाऱ्यांना कोकनीचं सगळ्यात जवळचं तळं म्हणजे लेक सॅमॅमिश. दहा मिनिटांवर. तिथे कोकनी आहे. पण तिथला कोकनी धरून घरी नेता येत नाही. चुकून लागला तर लगेच सोडून द्यावा लागतो.

कारण ऐकण्यासारखं आहे. बाकीच्या बऱ्याच तळ्यांत सरकारी खात्याने पिल्लं आणून सोडलेली असतात. सॅमॅमिशचा कोकनी मात्र तिथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. अंडी घालायला चढण्याच्या वेळेनुसार त्याच्या वेगवेगळ्या तुकड्या होत्या. इसाक्वा क्रीकमध्ये लवकर चढणारी तुकडी या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. उशिरा येणारे मासे नोव्हेंबर ते जानेवारीत एब्राइट, लुईस, लाफिंग जेकब्स अशा छोट्या ओढ्यांत अंडी घालायला चढतात. हे ओढे लोकांच्या अंगणामागून, रस्त्याखालच्या मोऱ्यांतून वाहतात. काही वर्षी मोजून थोडेच मासे परतले. स्नोक्वाल्मी जमात, स्थानिक रहिवासी आणि सरकारी खाती मिळून अंडी गोळा करून हॅचरीत पिल्लं वाढवतात आणि ओढ्यांत परत सोडतात.

या तळ्यात उन्हाळ्याच्या शेवटी जे घडतं ते कुठलंही तळं निवडताना लक्षात ठेवावं. वरचं पाणी इतकं तापतं की कोकनीला सोसत नाही, आणि तळाशी प्राणवायू इतका कमी होतो की तिथेही राहता येत नाही. मधल्या एका अरुंद पट्ट्यात सगळे मासे कोंडले जातात. तळं नुसतं खोल असून भागत नाही. खोलवर प्राणवायूही हवा.

डिसेंबरमध्ये एखाद्या रविवारी मुलांना घेऊन या ओढ्यांवर जरूर जा. पुलावर उभं राहून वाकून बघा. अंगाने लाल, डोक्याने हिरवट मासा घोटाभर पाण्यात प्रवाहाविरुद्ध थरथरत उभा असतो, शेपटीने खडे बाजूला सारत. आपण कुठल्या प्राण्याच्या मागे पहाटे तीनला उठतो ते तिथे कळतं.

कागदपत्रं, थोडक्यात

वॉशिंग्टन राज्यात पंधरा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. राज्यात ९० दिवस कायम वास्तव्य झालं असेल आणि इथेच राहण्याचा पुरावा असेल तर रहिवाशाच्या दराने मिळतो. नुकतेच आलेल्यांनी थोडं थांबावं, फरक बराच आहे. परवान्याबरोबर मत्स्य व वन्यजीव खात्याच्या रॅम्पवर गाडी लावायचा पास मिळतो. राज्य उद्यानातल्या रॅम्पसाठी मात्र डिस्कव्हर पास वेगळा. जूनमधला पहिला सोमवार झाला की त्यानंतरच्या शनिवार-रविवारी परवान्याशिवाय मासेमारी करता येते. पैसे घालण्याआधी आवड आहे का हे बघायला तो उत्तम मुहूर्त.

पंधरा अश्वशक्ती किंवा त्याहून मोठं इंजिन चालवणार असाल तर बोटिंगचं कार्ड लागतं. एकोणीस फुटांखालच्या बोटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट असलंच पाहिजे. मी मोठ्यांनाही सांगते, काढू नका. एप्रिलमधल्या ४८ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात पडलात तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात.

दिवसाला किती मासे ठेवता येतात हे तळ्यागणिक बदलतं. काही ठिकाणी कोकनी ट्राउटच्या मर्यादेत मोजतात, काही ठिकाणी वेगळी मर्यादा असते. आदल्या रात्री खात्याच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर त्या तळ्याचं नाव टाकून बघा. मित्राने गेल्या वर्षी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. नियम हंगामाच्या मध्येही बदलतात.

महिना आणि तळं यांची जोडी

एप्रिलअखेर ते जून, आणि पहिलंच वर्ष असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: लेक स्टीव्हन्स. बॉथेलपासून अर्ध्या-पाऊण तासावर, एव्हरेटच्या पूर्वेला. क्षेत्र सुमारे हजार एकर, खोली दीडशे फुटांपर्यंत. खातं इथे कोकनीची पिल्लं सोडतं आणि मे महिन्यात कोकनीची स्पर्धाही भरते. हजार एकर म्हणजे थवा शोधता येईल एवढं लहान आणि मासा पोसला जाईल एवढं मोठं. चहूबाजूंनी वस्ती आहे, त्यामुळे वारा उठला किंवा इंजिन बंद पडलं तरी जवळच कोणीतरी असतं. अडचण एकच. जून संपता संपता सकाळी दहापासून वेकबोर्डवाल्यांच्या लाटा सुरू होतात आणि सावकाश फिरणाऱ्या छोट्या बोटीला त्रास होतो. तोवर तुम्ही आटोपून रॅम्पवर असायला हवं.

रेंटन, केंट, टकोमा बाजूला राहत असाल तर लेकवूडमधलं अमेरिकन लेक बघा. अकराशे एकरांच्या आसपास, लष्करी तळाला लागून. कयाकवाल्यांना हे तळं सोयीचं पडतं.

दीड तास उत्तरेला, बेलिंगहॅमच्या अलीकडे, आय-फाइव्हवरून जाता जाता खाली दिसतं ते लेक समिश. त्याच्या जवळच लेक व्हॉटकम. या दोन्ही तळ्यांवर बोट उतरवण्याआधी परक्या शिंपल्या-गोगलगायींसाठी तपासणी करून परवाना घ्यावा लागतो. तपासणी केंद्राच्या वेळा आधी बघून ठेवा, नाहीतर पहाटे पोचूनही उघडायची वाट बघत बसाल. व्हॉटकमचं एक महत्त्व आहे. त्याच्या दक्षिण टोकाला ब्रॅनियन क्रीकवर हॅचरी आहे आणि राज्यातल्या कितीतरी तळ्यांत सोडलेल्या कोकनीची अंडी इथून येतात. स्टीव्हन्सवर तुम्ही धरलेल्या माशाचं माहेर म्हणा हवं तर.

जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी खिंडीपलीकडे जाते. आय-नाइन्टीवर कीचेलस, कचेस आणि क्ली एलम ही तीन धरणांची तळी आहेत. कचेस आणि क्ली एलममध्ये कोकनी आहे. बेलव्ह्यूपासून सव्वा ते दीड तास. वर डोंगरातली हवा गार, पाणी स्वच्छ, वस्ती विरळ. इथे बुल ट्राउट नावाचा संरक्षित मासाही असतो. तो लागला तर सोडायचाच. ओळख सोपी: अंगावर फिकट ठिपके असतील आणि पाठीवरच्या पंखावर काळा ठिपका नसेल तर मासा पाण्यात परत. कोकनीच्या अंगावर ठळक ठिपके नसतात, शेपटी खोल दुभंगलेली असते आणि डोळा मोठा. या दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून फोटो फोनमध्ये ठेवा.

याच तळ्यांच्या बाबतीत मी एक मोठी चूक केली होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, भावाच्या कुटुंबाला घेऊन, बोट ओढत पहाटे पाचला पोचले. रॅम्पचं काँक्रीट जिथे संपत होतं तिथून पाणी लांब, मध्ये राखाडी चिखल आणि झाडांचे जुने बुंधे. बोट उतरवणं शक्यच नव्हतं. मुलांनी तिथेच डबा खाल्ला आणि आम्ही परत फिरलो.

नंतर कारण शिकले. ही सगळी याकिमा खोऱ्यातल्या सिंचनाची धरणं आहेत. एकूण पाच: कीचेलस, कचेस, क्ली एलम, बंपिंग आणि रिमरॉक. उन्हाळाभर सफरचंदांच्या आणि हॉप्सच्या बागांना वरच्या तिन्हींतून पाणी सोडतात. ऑगस्टअखेर ते विसर्ग कमी करतात आणि सप्टेंबरमध्ये भार रिमरॉककडे वळवतात. याला तिकडे 'फ्लिप-फ्लॉप' म्हणतात. वरच्या याकिमा नदीत तेव्हा चिनूक सॅमन अंडी घालतात. पाणी जास्त असताना त्यांनी उंचावर अंडी घातली तर हिवाळ्यात पाणी कमी झाल्यावर ती उघडी पडतील, म्हणून आधीच पातळी खाली आणतात. म्हणजे ऑगस्टअखेर वरची तळी आटलेली आणि सप्टेंबरमध्ये रिमरॉक आटायला लागलेलं. जायकवाडी किंवा कोयनेचा साठा पेपरात बघायची सवय असलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण तळं म्हटलं की ते भरलेलंच असणार असं मी धरून चालले होते. ब्युरो ऑफ रेक्लमेशन या पाचही धरणांचा साठा रोज एका चित्रात दाखवतं. प्रत्येक धरणाच्या जागी एक कप आणि त्यात किती भरलंय ते. निघण्याआधी तो कप बघा.

मार्च-एप्रिलमध्ये, बाकीच्या ठिकाणी सामसूम असताना, लेक चेलानला कोकनी लागतो. पन्नास मैल लांब आणि १,४८६ फूट खोल. अमेरिकेतल्या सगळ्यात खोल तळ्यांत तिसरं. सिएटलपासून तीन-साडेतीन तास, म्हणजे मुक्काम आलाच. खालच्या, चेलान गावाकडच्या भागातच राहा. दुपारी दरीतून वारा उतरतो तेव्हा छोट्या बोटीने तिथे असू नये. पहिल्या वर्षी चेलान मी सुचवत नाही.

पोर्टलंड-व्हँकुव्हर बाजूच्या मंडळींना तासाभरात लुईस नदीवरची मर्विन आणि येल ही धरणं मिळतात. मर्विन आधी बघा. स्पोकेनकडच्यांना उत्तरेला लून लेक. तिथे उन्हाळ्यात रात्री कंदील लावून, नांगर टाकून, एका जागी बसून कोकनी धरायची जुनी पद्धत आहे. चमकणारा छोटा गळ, त्यावर दाणा किंवा अळी, आणि बोटीखाली दिव्याचा गोल. आमच्याकडे खाडीत पेट्रोमॅक्स घेऊन जाणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

जुन्या माहितीवर विसंबू नका

कोकनीचं तळं एका-दोन वर्षांत पार बदलू शकतं. आयुष्य तीन-चार वर्षांचं, त्यामुळे एक पिढी गेली की एक हंगाम गेला.

ऑरेगनमधलं ग्रीन पीटर धरण वर्षानुवर्षं भरपूर कोकनीसाठी प्रसिद्ध होतं. २०२३ च्या शरदात चिनूकच्या पिल्लांना खाली जायला वाट मिळावी म्हणून धरणाची पातळी फार खाली आणली. कोकनी त्या खोल दारातून ओढले गेले आणि दाबातल्या अचानक फरकाने हजारोंनी मेले. त्याआधीचा कुठलाही लेख वाचून तिथे गेलात तर फसाल.

आणखी मोठी गोष्ट मोंटानातल्या फ्लॅटहेड लेकची. खोऱ्यातल्या वरच्या तळ्यांत मायसिस नावाची बारीक कोळंबी मुद्दाम सोडली होती, कोकनीला खाद्य म्हणून. ती वाहत फ्लॅटहेडमध्ये आली. पण ही कोळंबी दिवसा तळाशी जाऊन बसते आणि रात्री वर येऊन डॅफ्निया खाते. कोकनी दिवसा नजरेने खातो. म्हणजे कोळंबी त्याच्या तोंडी लागली नाहीच, उलट तिने त्याचं ताट रिकामं केलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मॅकडोनल्ड क्रीकमध्ये लाखाच्या घरात कोकनी चढत आणि त्यांना खायला शेकडो गरुड जमत. दशक संपेपर्यंत मासे गेले आणि गरुडांचा मेळाही उठला. कोणतं तळं किती पोसू शकतं हे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर ठरतं.

म्हणून खात्याच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी बघायची सवय लावा. एक, त्या तळ्यात गेल्या दोन-तीन वर्षांत कोकनीची पिल्लं सोडली का, किती सोडली. आज सोडलेलं बोटभर पिल्लू दोन-तीन उन्हाळ्यांनी तुमच्या काठीवर येतं. दोन, तळ्याचा खोलीचा नकाशा. साठ-सत्तर फुटांचा रुंद, सपाट खोलगट भाग कुठे आहे तिथे बोट फिरवायला सुरुवात करायची.

तुमचं सामान कुठवर पोचतं?

खोलवर गळ नेण्याचं हुकमी साधन म्हणजे डाउनरिगर. तारेला आठ-दहा पौंडांचा गोळा, त्याला चिमट्याने अडकवलेली दोरी, आणि किती फूट गेलं ते दाखवणारा काटा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि तुम्ही फक्त माशाशी खेळता. पण पहिल्याच वर्षी तो घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन औंसांचं शिसं लावलं तरी वीस फुटांपर्यंत पोचता येतं. लेडकोअर नावाची, आत शिसं असलेली दोरी मिळते. तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो आणि सावकाश वेगात एका रंगाला साधारण पाच-सहा फूट खोली धरतात. पाच रंग सोडले की पंचवीस-तीस फूट. म्हणजे डाउनरिगर नसेल तर मे महिना आणि लेक स्टीव्हन्स. ऑगस्ट महिना सोडून द्या.

बाकी सामान नाजूक हवं. लवचीक काठी, पुढे चार-पाच इंचांचा डॉजर, म्हणजे माशाचं लक्ष वेधणारी चकाकती पत्र्याची पट्टी, त्याच्या मागे फूटभर अंतरावर गुलाबी किंवा नारिंगी झिरमिळ्यांचं छोटं आमिष, आणि गळावर पांढऱ्या मक्याचे एक-दोन दाणे. हो, मका. डब्यातला शूपेग नावाचा बारीक पांढरा मका, आदल्या रात्री ट्यूनाच्या तेलात नाहीतर लसणाच्या अर्कात मुरवलेला. आमच्या घरी लसूण ठेचूनच घालतात. आमिष म्हणून खाद्य वापरायला त्या तळ्यावर परवानगी आहे ना, एवढं मात्र आधी बघा.

स्वतःची बोट नसेल तर कयाकवर पेडल मारतही कोकनी धरता येतो, फक्त तळं लहान आणि सकाळ शांत हवी. त्याहून चांगलं म्हणजे ज्याच्याकडे बोट आहे त्याला पेट्रोलचे पैसे, पोहे आणि थर्मासभर चहा द्या. मी पहिली दोन वर्षं तशीच गेले.

पहिल्या सकाळी

वेग ताशी एक ते दीड मैल. चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. डॉजर पाण्यात सोडल्यावर बोटीशेजारी डोळ्यांनी बघा. तो डावी-उजवीकडे झुलला पाहिजे. गोल गोल फिरायला लागला तर वेग जास्त आहे.

सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. वळताना बाहेरच्या बाजूची काठी वेगाने ओढली जाते आणि आतल्या बाजूची मंदावते. बाहेरच्या काठीला मासा लागला तर थोडा वेग वाढवा, आतल्या काठीला लागला तर कमी करा. मासा स्वतःच सांगतो, ऐकायला मात्र हवं. दोन काठ्या दोन खोलींवर ठेवा. एका माणसाला दोन काठ्या वापरायची परवानगी वेगळी विकत मिळते आणि ती बऱ्याच तळ्यांवर चालते.

काठीचं टोक टकटक हलतं तेव्हा हिसका देऊ नका. आपल्याकडे हिसका द्यायची सवय असते आणि कोकनीच्या बाबतीत तीच नडते. त्याचं तोंड कागदासारखं मऊ, गळ फाडून निघतो. दोरी ताठ ठेवून एका लयीत गुंडाळा. बोटीजवळ आल्यावर तो दोनदा-तीनदा हवेत उसळेल आणि बहुतेक मासे तिथेच निसटतात. लांब दांड्याची जाळी आधीच पाण्यात धरून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. हातात घेतलात की खवले बोटांना चिकटतील, मिठाईवरच्या चांदीच्या वर्खासारखे. तेवढ्यावरूनही कोकनी ओळखता येतो.

ठेवायचा असेल तर लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ-पाण्यात घाला. याचं मांस मऊ आणि तेलकट. तासभर उन्हात बादलीत पडलेला कोकनी घरी पोचेपर्यंत लिबलिबीत होतो. आणि कृपा करून बांगड्यासारखं लाल वाटण थापून रव्यात तळू नका. हळद, मीठ, आगळाचे चार थेंब, कातडीची बाजू खाली करून तव्यावर मंद आच. नारिंगी मांस फिकट व्हायला लागलं की उतरवा.

निघण्याआधी रॅम्पवरच बोटीचं बूच काढून सगळं पाणी सोडा, काठ्यांना-ट्रेलरला लागलेलं शेवाळ पुसा आणि पुढच्या तळ्यात जाण्याआधी बोट पूर्ण वाळू द्या. २०२३ मध्ये शेजारच्या आयडाहोत, ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वागा शिंपले सापडले. ते पाण्यातलं बारीक अन्न गाळून संपवतात, म्हणजे पुन्हा डॅफ्नियावरच घाला. ओल्या दोरीतून, बोटीच्या तळाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यातून ते प्रवास करतात.

आणि गाडीत बसल्यावर, हात मक्याच्या वासाचे असतानाच, वहीत चार ओळी लिहा. तारीख, वरच्या पाण्याचं तापमान, किती फुटांवर मासा लागला, किती वाजता. पहिल्या वर्षी पाच तळी फिरण्यापेक्षा एकाच तळ्यावर पाच वेळा जा. माझ्या वहीत लेक स्टीव्हन्सची अकरा पानं आहेत. मेच्या दुसऱ्या शनिवारी वरचं पाणी ५८ अंश असेल तर मी पहिला गळ बावीस फुटांवर सोडते, आणि तिथे काही नसेल तर पाच-पाच फुटांनी खाली जाते.